जयेंद्रगंजच्या गच्चीवरची तार

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. प्रकृतीची, पावसाची चौकशी झाली आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "दादा, जरा याच्याशी बोल रे. नोकरी सोडून नेट विकायचं म्हणतोय. आणि यांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांवर डोळा आहे."

भाचा सव्वीस वर्षांचा. संगणकाचं शिकलेला, चार वर्षं नोएडात नोकरी केलेला. त्याचे दोन मित्र ग्वाल्हेरचेच. तिघांनी मिळून जयेंद्रगंज आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत फायबरचं नेट द्यायचं ठरवलं होतं. तीन वह्या भरून हिशेब मांडला होता. फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही सुरुवातीच्या काळात या धंद्यात होतात ना? तेव्हा तो चालला का नाही, एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो."

एवढंच सांगा म्हणे! मी त्याला म्हटलं, रविवारी ये, बसून बोलू. ते बोलणं थोडं वाढवून इथे लिहितो आहे, कारण आपल्या मंडळातल्या आणखी दोन-तीन घरांत असाच विचार चालल्याचं कानावर आलं आहे.

मी धंद्यात होतो म्हणजे मालक नव्हतो. माझा एक मित्र केबल टीव्हीचा धंदा करायचा. २००१ ते २००५ अशी चार वर्षं नोकरी सांभाळून संध्याकाळी मी त्याचं तांत्रिक काम पाहिलं. शिड्या चढलो, तारा ओढल्या, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. पाचव्या वर्षी ते दुकान बंद झालं आणि मित्राला देणी फेडायला एक गाळा विकावा लागला. तेव्हा जे लिहितो ते गच्चीवरून पाहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आजच्या मुलांना मुळात परिस्थिती काय होती हे सांगावं लागतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. ग्वाल्हेरसारख्या गावात ते पोचलं तेव्हा मोडेम फोनला जोडायचा, तो किंचाळायचा, आणि लागला तर सेकंदाला जास्तीत जास्त ५६ किलोबिटचा वेग. तेवढा वेळ घरचा फोन बंद. आत्याने पुण्याहून दुपारभर फोन लावला आणि तो सारखा 'एंगेज' लागला, यावरून घरोघर भांडणं झाली आहेत.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खासगी कंपन्यांना दार उघडलं. परवान्याचे तीन वर्ग केले. अ वर्ग म्हणजे सारा देश, ब म्हणजे एक दूरसंचार परिमंडळ, क म्हणजे साधारण एक-दोन जिल्ह्यांचा टापू. क वर्गाला ३ लाखांची बँक हमी, ब ला २० लाखांची, अ ला २ कोटींची. परवाना शुल्क पहिली पाच वर्षं माफ आणि पुढे वर्षाला १ रुपया! हे वाचून देशभरात हौशे-नवशे-गवशे सगळे धावले. परवाने शेकड्यांनी गेले. त्यातल्या प्रत्यक्ष सेवा सुरू करणाऱ्यांची संख्या खूपच कमी राहिली. एक रुपयात परवाना मिळतो म्हणजे धंदा स्वस्त आहे असा समज झाला. लग्नपत्रिका फुकट छापून मिळाली म्हणून कार्य स्वस्तात होत नाही, पण त्या धामधुमीत हे कोण सांगणार?

माझ्या मित्राने स्वतःचा परवाना घेतला नाही. एका मोठ्या परवानाधारकाच्या हाताखाली शेवटच्या गल्लीतलं काम घेतलं. त्याचा विचार तसा चुकीचा नव्हता. टीव्हीची केबल दोन-अडीचशे घरांत गेलेलीच आहे, त्याच तारेतून नेट पाठवू.

इथे पहिली ठेच लागली. टीव्हीची केबल ही एकतर्फी वाट. चित्र दुकानातून घरी जातं, घरून काही परत येत नाही. नेटला जाणं-येणं दोन्ही लागतं. त्यासाठी वाटेवरचा प्रत्येक अँप्लिफायर बदलून दुतर्फी करायचा, दुकानात एक महागडं मुख्य यंत्र बसवायचं, आणि प्रत्येक घरी केबल मोडेम द्यायचा. शिवाय परतीच्या वाटेवर दर घरातला खरखराट गोळा होत येतो. कुणाचं मिक्सर, कुणाची ट्यूबलाइट, कुणी स्वतःच पिळून जोडलेली तार. चाळीस घरांची घाण एका नाल्यात उतरावी तसा तो सगळा मुख्य यंत्रावर येऊन पडतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केबल कंपन्यांनी हा खर्च केला. लश्करातल्या माणसाला तो झेपण्यासारखा नव्हता.

मग देशभरातल्या हजारो छोट्या केबलवाल्यांनी केलं तेच आम्ही केलं. कार्यालयांमध्ये संगणक एकमेकांना जोडायला जी आठ धाग्यांची तार वापरतात ती घेतली आणि गच्चीवरून गच्चीवर टाकली. ती तार १०० मीटरपर्यंत नीट चालते. म्हणून दर ऐंशी-नव्वद मीटरवर कुणाच्या तरी जिन्यात पत्र्याच्या डब्यात एक स्विच बसवायचा, तिथून पुढे दुसरी तार. असे एकापुढे एक सात-आठ स्विच. घराच्या मालकाला मोबदला म्हणून नेट फुकट.

हे तंत्र स्वस्त होतं, आणि खरं सांगतो, सुरू झालं त्या दिवशी दिवाळी होती. पण त्या पत्र्याच्या डब्याला वीज लागते, आणि ती त्या घरातून येते. २००२-०३ मध्ये मध्य प्रदेशातल्या विजेची अवस्था काय होती हे जुन्या लोकांना सांगायला नको. २००३ ची विधानसभेची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावरच लढली गेली आणि सरकार पडलं. तिसऱ्या घरातली वीज गेली की चौथ्यापासून पुढची सगळी गल्ली मुकी. गिऱ्हाइकाच्या घरी वीज आहे, त्याचा संगणक चालू आहे, मग नेट का नाही हे त्याला कळायचं नाही. त्याचा फोन यायचा. आम्ही दर डब्यात बॅटरी ठेवली. बॅटऱ्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात शिजल्या. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या डब्याला हात लावून पाहा, म्हणजे आत बसलेल्या स्विचचं काय होत असेल ते समजेल. पावसाळ्यात दूर कुठे वीज कडाडली तरी उघड्यावरच्या लांब तारेत झटका यायचा आणि चार-सहा पोर्ट जळायचे. उरलेलं काम माकडं करायची.

आता एक गंमत सांगतो. ग्वाल्हेरकरांना आपली छोटी रेल्वे आठवते. शिंदे सरकारांच्या काळातली, दोन फुटी रुळांची, श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटर जाणारी. २०२० मध्ये ती बंद पडली आणि तो मार्ग रुंद करण्याचं काम निघालं. तिथे व्यवस्था अशी होती की दिल्ली-मुंबईची मुख्य लाईन रुंद आणि खेड्याकडे जाणारी अरुंद. आमच्या नेटचं नेमकं उलटं होतं. गल्लीतली लाईन रुंद, शहराबाहेर जाणारी अरुंद! गच्चीवरच्या तारेत सेकंदाला १०० मेगाबिट जायचे. त्यामुळे गल्लीतली पोरं एकमेकांशी संगणकावरचे लढाईचे खेळ असे जोरात खेळायची की विचारू नका. शेजाऱ्याच्या संगणकातली गाणी, सिनेमे, आणि कधी कधी जे पाहायला नको तेही, सरळ आपल्या पडद्यावर दिसायचं, कारण सगळी गल्ली एकाच जाळ्यात. पण वर्तमानपत्राचं एक पान उघडायला चहा पिऊन यावं लागायचं.

हे का व्हायचं हे भाच्याला कागदावर मांडून दाखवलं. तुम्हीही पाहा, कारण सगळा धंदा या एका हिशेबावर तरतो किंवा बुडतो.

समजा बाहेर जाणारी तार २ मेगाबिटची आहे, म्हणजे २०४८ किलोबिट. प्रत्येक गिऱ्हाइकाला २५६ किलोबिट द्यायचं म्हटलं तर एकाच वेळी आठ जण. आठ गिऱ्हाइकांवर कुणाचा धंदा चालतो? म्हणून तीच तार अनेकांना वाटायची. सगळे एकाच क्षणी काही मागत नाहीत, या भरवशावर. पाण्याच्या टाकीचंही असंच असतं. सोसायटीतले सगळे नळ एकदम सोडले तर कुणालाच पाणी नाही. पुढे २००९ साली ट्रायने घरगुती जोडणीसाठी एकास पन्नास ही मर्यादा सुचवली. त्या प्रमाणाने २ मेगाबिटवर ४०० घरं.

आता या तारेची किंमत पाहू. सप्टेंबर २००५ मध्ये ट्रायने परदेशाला जोडणाऱ्या २ मेगाबिट तारेच्या फक्त भारताकडच्या अर्ध्या टप्प्यासाठी वर्षाला १३ लाख रुपये ही कमाल मर्यादा घातली. आणि ही दर खाली आणल्यानंतरची गोष्ट. त्याआधी ती याहून महाग होती. १३ लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला १ लाख ८ हजार. ४०० गिऱ्हाइकं असतील तर माणशी २७१ रुपये. १०० च असतील तर माणशी १०८३ रुपये. यात पलीकडचा अर्धा टप्पा नाही, ग्वाल्हेर ते मोठ्या शहराची तार नाही, स्विच नाहीत, बॅटऱ्या नाहीत, पोरांचे पगार नाहीत. आणि आम्ही गिऱ्हाइकाकडून महिन्याला पाच-सहाशे रुपये घ्यायचो!

मोठ्या कंपनीला हे चाळीस शहरांत वाटता येतं. छोट्याला पहिल्या शंभर घरांवर सगळं उभं करायचं असतं, आणि शंभराची चारशे होईपर्यंत दम धरायचा असतो. माझ्या मित्राकडे गिऱ्हाइकं सर्वांत जास्त झाली तेव्हाही दोनशे ओलांडली नाहीत. तो तार स्वतः भाड्याने घेत नव्हता, वरच्या कंपनीकडून वाटा विकत घ्यायचा. पण ती कंपनी हाच हिशेब त्याच्या माथी मारायची, आणि तो गिऱ्हाइकांच्या.

यात एक भलतीच गोष्ट होती. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची गिऱ्हाइकं असतील तर लश्करातून मुरारला पाठवलेला निरोप अमेरिकेला वळसा घालून यायचा. देशातल्या कंपन्यांनी देशातच एकमेकांना जोडून घेण्याची जागा नव्हती. म्हणजे सहा-सात किलोमीटरच्या कामासाठी समुद्राखालच्या तारेचं भाडं. २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था निघाली तेव्हा कुठे हा द्राविडी प्राणायाम कमी होऊ लागला.

एकास पन्नास हा भरवसाही फार दिवस टिकला नाही. तो पानं वाचणाऱ्या, पत्रं पाठवणाऱ्या माणसांसाठी ठीक होता. मग गाणी आणि सिनेमे उतरवून घेण्याची साधनं आली. एका गल्लीत असे दोन पोरगे असले की संध्याकाळी सातनंतर बाकीच्या अडतीस घरांचं नेट मेलं. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा जगभर पसरला. आमच्या सपाट जाळ्यात तो एका घरात शिरला की तासाभरात गल्लीभर. तीन दिवस आम्ही घरोघर सीडी घेऊन फिरलो. एका आजींनी मला विचारलं, "फवारणी करायला आलात का?" मी हो म्हटलं.

मित्र तरी चिकटून होता. त्याला खरा धक्का बसला तो तांब्यामुळे.

नेट देण्याची सर्वांत चांगली तार तेव्हा आधीच घरोघर पोचलेली होती. टेलिफोनची. तिच्या दोन तांब्याच्या धाग्यांवर बोलण्याच्या आवाजाच्या वरची मोठी जागा रिकामी असते. त्या जागेतून एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरपर्यंत चांगला वेग जातो, फोनही चालू राहतो. मध्ये स्विच नाही, डबा नाही, घराची वीज नाही. पण ती तार सरकारी कंपनीची. एप्रिल २००४ मध्ये ट्रायने शिफारस केली की हे तांबं ठरावीक भाड्याने दुसऱ्यांनाही वापरू द्यावं. १४ ऑक्टोबर २००४ ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. त्यात २५६ किलोबिट ही व्याख्या आली, २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचं उद्दिष्ट आलं, पण तांबं खुलं करायची सक्ती आली नाही. जानेवारी २००५ पासून बीएसएनएलची स्वतःची 'डेटावन' सेवा सुरू झाली, ५०० रुपयांच्या घरात. पुढे रात्री दोन ते सकाळी आठ हवं तेवढं उतरवून घ्या अशी सवलतही आली आणि निम्म्या इंजिनिअरिंग कॉलेजांची झोप उडाली.

गिऱ्हाइकांना दोष देता येत नाही. मी स्वतःच्या घरी तीच जोडणी घेतली होती. मित्राला सांगायला सहा महिने लागले. २०१० संपलं तेव्हा देशात जोडण्या १ कोटी १० लाखांच्या आसपास होत्या, म्हणजे उद्दिष्टाच्या निम्म्या. तांबं छोट्यांना उघडून दिलं असतं तर आकडा बदलला असता असं माझं मत आहे. पण ते मत आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने तांबं खुलं झालं होतं. त्या जोरावर नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स, कोव्हाड अशा कंपन्या उभ्या राहिल्या. २००१ या एका वर्षात तिघींचं दिवाळं निघालं. नॉर्थपॉइंटचं जाळं तर मार्चमध्ये बंदच झालं आणि लाखभर जोडण्या तुटल्या. आपल्यातली काही कुटुंबं तेव्हा तिकडे होती, त्यांना आठवत असेल. तांबं दुसऱ्याचं, एक्स्चेंजची खोली दुसऱ्याची, दुरुस्तीला येणारा माणूसही दुसऱ्याचा. तो दुसरा आपला स्पर्धक! जपानमध्ये मात्र त्याच २००१ मध्ये सॉफ्टबँकेने एनटीटीचं तांबं भाड्याने घेऊन 'याहू बीबी' सुरू केलं आणि दर असे पाडले की सगळा बाजार हलला. पण सॉफ्टबँकेला छोटं कोण म्हणेल? तेव्हा छोट्याला नुसता कायदा पुरत नाही. वर्ष-दोन वर्षं तोटा सोसायला पैसाही लागतो.

भाचा इथे म्हणाला, "मामा, मग बिनतारी का नाही केलंत?"

केलं असतं, पण परवानगी उशिरा आली. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा उघड्यावर वापरायला मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. तोवर आमचं चौथं वर्ष संपत आलं होतं. आधीचे प्रयोग मात्र चालू होते. आयआयटी मद्रासने कॉर्डेक्ट नावाची यंत्रणा बनवली होती; एका मनोऱ्यापासून दहा किलोमीटरपर्यंत फोन आणि ३५ ते ७० किलोबिटचं नेट. खेड्यांसाठी उत्तम, स्वस्त, आपल्या हवेला टिकणारी. पण २००४ च्या व्याख्येत २५६ च्या खालचं ते ब्रॉडबँडच नव्हे ठरलं. आयआयटी कानपूरच्या लोकांनी साध्या वाय-फायला मोठे अँटेना लावून तीस किलोमीटरच्या पुढे दुवे जोडून दाखवले. धर्मशाळेत 'एअरजल्दी'ने २००५ पासून डोंगरात बिनतारी जाळं उभारलं आणि ते टिकवलं.

ग्वाल्हेरला बिनतारी सोपं वाटतं, कारण मधोमध उंच किल्ला. प्रत्यक्षात तोच आडवा येतो. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, त्याचं लश्कर झालं. जुनं ग्वाल्हेर पलीकडच्या पायथ्याशी, मुरार पूर्वेला. या लहरींना समोरासमोर दिसणं लागतं आणि मध्ये सबंध डोंगर. त्यावर अँटेना लावावा तर संरक्षित वास्तू. शिवाय लश्करातल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडी भिंती. आमच्या घरात दिवाणखान्यातलं वाय-फाय आजही स्वयंपाकघरात जात नाही. हिला ते बरं वाटतं.

बिनतारीची गोष्ट निघाली की मला एका ग्वाल्हेरी धाग्याचं कौतुक वाटतं. आपल्या माधव इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे एमआयटीएसमधून पदवी घेतलेले अभय करंदीकर पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांच्या गटाने पालघरकडच्या खेड्यांत 'ग्राम मार्ग' हा प्रयोग केला. त्यांचा प्रश्न साधा होता: ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी फायबर येईल, पण तिथून पुढच्या पाड्यांपर्यंत नेट स्वस्तात कसं न्यायचं? त्यांनी आधी टीव्हीचा रिकामा पट्टा तपासला. दूरदर्शनच्या त्या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी निदान १२ जवळजवळ देशभर रिकाम्या असतात, असं त्यांच्या अभ्यासात निघालं. या लहरी झाडी-टेकड्यांतून लांब जातात. खामलोली गावाच्या परिसरात चाचण्या झाल्या. पण टीव्हीच्या पट्ट्याला सरसकट मोकळीक मिळाली नाही, म्हणून पुढे पंचवीस गावं जोडली ती मुख्यतः ५ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यावर. गावातलाच एखादा तरुण ते चालवणार आणि पंचायत त्यात भागीदार, अशी मांडणी. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. करंदीकर पुढे आयआयटी कानपूरचे संचालक झाले आणि २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे सचिव.

मला त्यातला बक्षिसापेक्षा महत्त्वाचा भाग हा वाटतो की तिथे शहरापर्यंतची महाग तार छोट्या माणसाच्या डोक्यावर नव्हती. ती भारतनेटची होती. आमच्या मित्राला जी गोष्ट मारून गेली, नेमकी तीच त्यांनी हिशेबातून काढून टाकली. वारणानगरला १९९८ मध्ये सत्तर गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प झाला, तिथेही मुख्य खर्च सरकारचा आणि साखर कारखान्याच्या संस्थेचा होता. काही वर्षांनी असं दिसलं की शेतकरी तिथे येतो तो मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि बिल पाहायला. मग काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं आणि ते स्वस्तात झालं. लोक वेगाचे पैसे देत नाहीत, कामाचे देतात. माझ्या मित्राची सर्वांत खात्रीची गिऱ्हाइकं म्हणजे दोन डॉक्टर आणि एक सनदी लेखापाल. त्यांना वेग नको होता, सकाळी दहा ते रात्री आठ नेट जाता कामा नये एवढंच हवं होतं. आम्ही त्यांच्याकडून पोरांइतकेच पैसे घेत राहिलो, ही आमची घोडचूक.

आता भाच्याच्या वह्या. त्याचा तंत्राचा भाग मी वाचला आणि मला हेवा वाटला. फायबरच्या नव्या पद्धतीत दुकानातून निघालेला एक काचेचा धागा वाटेत एका छोट्या डबीत ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. त्या डबीला वीज लागत नाही! प्रकाश आरशासारखा वाटला जातो, बस्स. वीस किलोमीटरपर्यंत चालतं. वीज कडाडली तर काचेला काही होत नाही, उन्हाचं भय नाही. एका धाग्यावर खाली येणारा वेग अडीच गिगाबिट. आम्ही ज्या पत्र्याच्या डब्यांनी जेरीस आलो ते सगळे या मुलांच्या नकाशातून गायबच. तुमच्याकडे हे असतं तर तुमचा मित्र टिकला असता का, असं त्याने विचारलं. विजेच्या बाबतीत हो. तारेच्या भाड्याच्या बाबतीत नाही. पण ते भाडंही आता तेव्हाच्या मानाने नगण्य झालं आहे.

माकडांचं मात्र काही सांगता येत नाही.

अडचणी दुसरीकडे सरकल्या आहेत. २०१३ च्या एकत्रित परवान्यात क वर्गाचं प्रवेशशुल्क २० हजार ठरलं, ते तरुणांना परवडेल. पण परवाना घेतला की कोणी कधी कुठे जोडणी केली याच्या नोंदी दोन वर्षं जपाव्या लागतात, पोलिसांनी मागितल्या तर द्याव्या लागतात, दर तिमाहीला कागद भरावे लागतात. हे काम करायला तिघांपैकी एक जण खुर्चीला बांधला जाणार. विजेच्या खांबावरून तार न्यायची तर वीज कंपनीचं भाडं. न देता नेली तर एक दिवस कापलेली तार रस्त्यावर पडलेली सापडते. आणि २०१६ पासून मोबाइलचं नेट इतकं स्वस्त झालं आहे की साधं गिऱ्हाईक विचारतं, घरी वेगळी जोडणी कशाला? मोठ्या कंपन्या फायबरबरोबर टीव्ही आणि सिनेमे जोडून देतात. त्यांच्याशी दरात भिडायला जाल तर माझ्या मित्राचा गाळा आठवा, एवढं मी स्पष्ट सांगितलं.

दुपारी जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, चला मामा, जागा दाखवतो. जयेंद्रगंजात रविवारीही गर्दी. दवाखाने, औषधांची दुकानं, शिकवण्यांच्या पाट्या, वर तारांची जाळी. ज्या जिन्यात आमचा तिसरा डबा होता तो जिना अजून आहे. डब्याचे चार खिळे भिंतीत तसेच. मी दाखवले तर त्याने फोटो काढला.

मग तो सांगू लागला की मुख्य रस्त्यावर आधीच तीन कंपन्या आहेत, म्हणून पाचशे घरांपासून सुरुवात करायचा विचार आहे. मी विचारलं, दवाखाने किती? त्याने मोजले नव्हते. आम्ही दोघांनी मोजायला सुरुवात केली. एका बाजूने अर्ध्या फर्लांगात दवाखाने, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि हिशेबनिसांची कार्यालयं मिळून तेवीस पाट्या झाल्या. "यांना नेट गेलं की काय होतं ते आधी विचारून ये," मी म्हटलं. "दुरुस्तीला माणूस किती तासांत येतो, आणि तासात येणारा मिळाला तर महिन्याला किती देतील, तेही विचार. घरं मागून."

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. तेवीसपैकी सतरा जणांशी बोलणं झालं होतं. अकरा जणांनी आकडा सांगितला, त्यातल्या चौघांनी लिहून दिला. स्वतःचा परवाना तूर्त घ्यायचा नाही, एका जुन्या परवानाधारकाकडून वाटा घ्यायचा, पण करारात बाहेरच्या तारेचा दर दोन वर्षांसाठी बांधून घ्यायचा, असं तिघांनी ठरवलं आहे. नोकरी दोघांनी सोडायची, एकाने ठेवायची.

बहिणीने विचारलं, "मग फंडाचे पैसे द्यायचे का?" मी म्हटलं, अर्धे दे, आणि तेही अकराचे अकरा लिहून आल्यावर. ती म्हणाली, "तूही यांच्यातच सामील झालास वाटतं." मी पुढच्या रविवारी शिडी धरायला जातो आहे, हे अजून तिला सांगितलेलं नाही.